जुन्या गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मोटर बदलण्याआधी या क्रमाने तपासा

एसी नसलेली किंवा एसी कधीचाच बंद असलेली जुनी गाडी असेल, तर ब्लोअरची आठवण पावसाळ्यातच होते. ताम्हिणी घाटात शिरल्यावर समोरची काच आतून धुरकट व्हायला लागते, आपण बटण फिरवतो आणि पंखा ढिम्म हलत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या नाना पेठेतून नवी मोटर आणली जाते. ती बसवूनही पंखा फिरत नाही, किंवा महिन्याभरात पुन्हा बंद पडतो. बिघाड मोटरमध्ये नसतोच. तो फ्यूजच्या तळाशी, गंजलेल्या अर्थिंगच्या (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या) बोल्टवर नाहीतर रेझिस्टरच्या (खालच्या स्पीडना प्रवाह कमी करणाऱ्या भागाच्या) जळक्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, असतो.

म्हणून आधी वीज कुठे अडते ते शोधायचं आणि मगच सुटा भाग विकत घ्यायचा. खालचा क्रम त्यासाठीच आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा तीन-चार स्पीडचं साधं बटण असलेल्या १२ व्होल्टच्या गाड्यांना तो लागू पडतो. तापमान आपोआप सांभाळणारा एसी असलेल्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. त्यांना तो जसाच्या तसा लावू नका.

## आधी लक्षण ओळखा

पाना हातात घेण्यापूर्वी चावी ऑन करून बटण प्रत्येक स्पीडवर थोडा वेळ ठेवा आणि काय होतं ते कागदावर लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

फक्त शेवटच्या, सर्वांत वेगवान स्पीडवर चालतो: रेझिस्टर गेला आहे. खालच्या स्पीडना वीज रेझिस्टरमधून जाते, शेवटच्या स्पीडला त्याला वगळून थेट जाते. मोटर आणि फ्यूज ठीक आहेत, थेट टप्पा ५ वर जा.

खालच्या स्पीडवर चालतो, शेवटच्यावर नाही: स्विचचा शेवटचा कॉन्टॅक्ट, त्याची वायर, किंवा त्या स्पीडसाठी वेगळा रिले (विजेने चालणारा स्विच) असेल तर तो.

कुठल्याच स्पीडवर नाही: टप्पा १ पासून ओळीने जा. मधला टप्पा गाळू नका.

खड्ड्यात गाडी आपटली की सुरू होतो, पुन्हा बंद पडतो: सैल कपलर, खराब अर्थिंग किंवा मोटरचे झिजलेले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे).

फिरतो, आवाजही येतो, पण हवा नाही: पानं-कचरा, धुळीने बुजलेलं कूलिंग कॉइल, अडकलेली झडप. मोटर नुकतीच बदलली असेल तर उलट्या जोडलेल्या वायरी.

एसी लावल्यावर अर्ध्या तासाने हवा कमी होते, एसी बंद ठेवला की परत येते: कॉइलवर बर्फ धरतोय. तो एसीचा दोष आहे, ब्लोअर उघडू नका.

हवा जोरात येते पण हीटर गरम करत नाही: हा विजेचा दोषच नाही. कूलंट कमी आहे का, हीटरच्या व्हॉल्व्हची केबल निसटली आहे का ते पाहा. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट हमखास निघते. इंजिन तापतं म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकलेला असतो. मग डिसेंबरच्या सकाळी इंजिनच पुरेसं गरम होत नाही, तर हीटर कुठून होणार?

## तयारी

मल्टिमीटर पुण्याच्या तापकीर गल्लीत साधासुधा मिळतो, तो पुरेसा आहे. पण त्याहून महत्त्वाचा आहे टेस्ट लॅम्प, आणि तोही फिलामेंटच्या बल्बचा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवा, त्याला दोन लांब वायरी जोडा, एका टोकाला मगर-क्लिप आणि दुसऱ्याला टोकदार पिन लावा. एलईडीचा टेस्टर या कामाला चालत नाही.

कारण समजून घ्या, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. वायरीचा एकच तार धरून राहिला असला, तरी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतो. पाइप कचऱ्याने तुंबलेला असला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्णच दिसतो, नळ सोडल्यावरच खरं कळतं, तसंच हे आहे. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे वायर कमकुवत असेल तर तो लगेच मंद पेटतो.

याशिवाय लागेल: त्याच अँपिअरचे दोन-तीन जादा फ्यूज, मध्ये फ्यूज असलेली एक जाड जम्पर वायर, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), टॉर्च. मोबाइलवर प्रत्येक कपलर काढण्यापूर्वी फोटो काढा. गाडीची वायरिंगची आकृती मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला असतो आणि बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत अर्थच्या बाजूला. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात मोटरला चावी ऑन केल्याबरोबर पॉझिटिव्ह मिळतो आणि बटण फिरवल्यावर अर्थ पूर्ण होतो. हे माहीत नसेल तर तपासताना भलताच निष्कर्ष निघतो.

> इशारा: एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका. तिथे टेस्ट लॅम्प तर मुळीच नको. इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींवरही बल्बचा टेस्टर वापरू नका.

> इशारा: बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा.

## टप्पा १: बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. इंजिन चालू असूनही आकडा तेराच्या खाली असेल, तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट पाहा. ब्लोअर मंद फिरण्याचं कारण तिथेच असू शकतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसत असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळा. हाताने हलवून टर्मिनल फिरतंय, म्हणजे ते सैल आहे.

*तपासा:* मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना? ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीवर टोकं ठेवलीत, तर थेट शॉर्ट होतो.

## टप्पा २: फ्यूज, पण जागेवर ठेवूनच

फ्यूज उपटून उजेडात धरून पाहणं ही अर्धवट तपासणी आहे. तार शाबूत दिसते आणि पाय मात्र आतून सैल झालेले असतात. चावी ऑन करा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांना पिन लावा.

दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर वीज फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही, टप्पा ४ पाहा.

आता फ्यूज काढून त्याचे पाय आणि सॉकेटचं प्लास्टिक बघा. ब्लोअर हा गाडीतला जास्त प्रवाह ओढणारा भाग. त्याच्या फ्यूजखालचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं असेल, तर नवा फ्यूज टाकून काही होणार नाही. सॉकेटचा तो पाय बदलावा लागेल.

रंगांवरून अँपिअर ओळखा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच टाकायचा. "तीसचा टाका साहेब, परत उडणारच नाही," असं कोणी सुचवलं तर गाडी तिथून सरळ बाहेर काढा. फ्यूज उडणार नाही हे खरं, पण मग डॅशबोर्डच्या आतली वायर जळेल आणि तिला फ्यूजसारखा नवा पर्याय नसतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर: एकामागून एक फ्यूज जाळू नका. मोटरचा कपलर काढा, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावा आणि चावी ऑन करा. त्या फ्यूजवर आणखी काही चालत असेल तर ते बंद ठेवा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला, तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. आता डॅशबोर्डखालची वायरिंग जागोजागी हळूच हलवत, एकेक कपलर काढत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल, तिथे दोष. बल्ब पेटलाच नाही, तर वायरिंग ठीक आहे आणि मोटरच जास्त प्रवाह ओढतेय. मोटर जोडलेली ठेवून ही तपासणी करायची नाही, कारण तिच्यातून बल्ब तसाही पेटतो आणि शॉर्ट नसताना शॉर्ट वाटतो.

## टप्पा ३: मोटरच्या कपलरपाशी सत्य कळतं

मोटर बहुधा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असते. कपलर काढा. चावी ऑन, बटण शेवटच्या स्पीडवर. टेस्ट लॅम्पची दोन टोकं गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या दोन पिनांना लावा.

- बल्ब झगझगीत पेटला: वीज येतेय, परतही जातेय. मोटरकडे संशय. टप्पा ६.
- मंद पेटला: कुठेतरी कॉन्टॅक्ट कमकुवत आहे. टप्पा ४ आणि ७.
- पेटलाच नाही: क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दोन्ही पिना एकेक तपासा. एकीवर पेटला तर पॉझिटिव्ह ठीक, परतीची वाट तुटलीय. एकीवरही नाही तर पॉझिटिव्हच येत नाही. मग क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून परतीची पिनही तपासून घ्या. कधीकधी दोन्ही बाजूंना दोष निघतो.

ही तपासणी मन लावून करा. पुढे काय उघडायचं आणि काय नाही, हे ती ठरवते.

## टप्पा ४: वीज मधेच अडली असेल तर

पॉझिटिव्ह येत नाही. चावी ऑन करून हलकेच मागे-पुढे हलवा. ब्लोअर क्षणभर सुरू झाला तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून त्याचा कपलर पाहा, जळकट वास आणि पिवळी पडलेली पिन लगेच लक्षात येते.

ब्लोअरला रिले असेल तर त्याच क्रमांकाचा, त्याच पिनांचा दुसरा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा चालतो) तात्पुरता लावून बघा. नुसता टिक आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. टिक आवाज ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिनांमधल्या कॉइलचा असतो. मोटरकडे वीज ३० वरून ८७ वर जाते आणि तो कॉन्टॅक्ट आतून जळलेला असू शकतो.

परतीची वाट नाही. बटणामागचा कपलर काढा. पिनांभोवती प्लास्टिक वितळलं असेल तर स्विच आणि कपलर दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना सैल कपलर नव्या स्विचलाही जाळतो.

## टप्पा ५: रेझिस्टर

रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या मार्गातच, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. तो तापतो आणि पंख्याच्या हवेनेच थंड राहतो. म्हणून तो बाहेर लोंबता ठेवून खालच्या स्पीडवर ब्लोअर चालवू नका. वेटोळी लालबुंद होतील आणि आसपासचं प्लास्टिक जळेल.

काढून पाहा: वेटोळ्याची तार तुटलेली आहे का, आणि त्यावरचा छोटा थर्मल फ्यूज उघडा झालाय का. मीटरने मोजल्यास प्रत्येक वेटोळ्याचा रोध काही ओहमच्या आतच येतो. अनंत दाखवला तर ते गेलं.

> इशारा: थर्मल फ्यूजच्या जागी साधी तार जोडून काम भागवू नका. पंखा अडकला तर आग लागण्याआधी तोडणारा तो एकच भाग आहे.

नवा रेझिस्टर लावायची घाई करू नका. आधी विचारा, जुना का जळला? एकतर पंख्यात कचरा अडकून त्याला हवा मिळत नव्हती, नाहीतर मोटर जड फिरत असल्याने जास्त प्रवाह जात होता. हे न बघता लावलेला नवा रेझिस्टर फार दिवस टिकत नाही. कपलर करपला असेल तर वायरींसकट नवा कपलरही घ्या.

## टप्पा ६: मोटर आणि पंखा

मोटर बहुधा तीन स्क्रूंवर असते. मोटर थंड ठेवायला हवा देणारा बारीक नळा असेल तर तो जपून काढा. मोटर खाली आली की आतला पिंजऱ्यासारखा पंखा बघा.

पुण्यात गाडी झाडाखाली उभी राहतेच. गुलमोहराची पानं इतकी बारीक की समोरच्या काचेखालच्या जाळीतून सरळ आत उतरतात आणि ओली होऊन पंख्याच्या पात्यांत थर धरून बसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी इथे घरटं केलेलं, वायरी कुरतडलेल्याही सापडतात. मास्क आणि हातमोजे घालूनच साफ करा.

मग पंखा बोटाने फिरवा. तो मोकळा फिरून हळूहळू थांबायला हवा. घासला, अडखळला, दांडा डुलला, तर बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) झिजलेत. फिरतो पण वीज दिल्यावर सुरू होत नाही आणि हलक्या टिचकीने सुरू होतो, तर कार्बन संपत आलेत. काही मोटरमध्ये कार्बन बदलता येतात. चांगला वायरमन मापाचे कार्बन घासून बसवून देतो. मोटर सीलबंद असेल तर मात्र नवी घ्या.

कोरड्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. तो बुशमधलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतो आणि कार्बनवर चिकटा धरतो.

शेवटी जम्पर वायरीने, मधल्या २० अँपिअरच्या फ्यूजसह, मोटर बॅटरीला थेट जोडून बघा. मोटर घट्ट धरा, सुरू होताना ती उसळते. वायरींची टोकं आधी मोटरला लावा, म्हणजे शेवटच्या जोडणीची ठिणगी मोटरजवळ पडते की बॅटरीजवळ हे तुमच्या हातात राहील. ती बॅटरीपासून लांबच, गाडीच्या बॉडीवर निगेटिव्ह जोडताना पडू द्या.

*तपासा:* नवी मोटर बसवल्यावर हवा आधीपेक्षा कमी वाटते? वायरी उलट जोडल्या असतील. या प्रकारचा पंखा उलटा फिरला तरी हवा व्हेंटमधूनच येते, फक्त जोर नसतो. म्हणून ही चूक लक्षातच येत नाही आणि लोक दुसरी मोटर घेऊन बसतात.

## टप्पा ७: अर्थिंग, जुन्या गाडीची खरी दुखरी नस

ब्लोअर लावला की हेडलाइट मंद होतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर विचित्र लुकलुकतो, वायपर कधी जलद कधी संथ चालतो. अशी न जुळणारी लक्षणं एकत्र दिसली तर वेगवेगळे दोष शोधू नका. सगळ्यांचं अर्थिंग एकच असण्याची शक्यता मोठी.

इंजिन चालू ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल टोक आधी इंजिनच्या उघड्या धातूवर, मग गाडीच्या बॉडीवर, मग ब्लोअर ज्या बोल्टवर अर्थ झालाय त्यावर. प्रत्येक ठिकाणी ०.२ व्होल्टच्या आत हवं. ज्या जागी आकडा एकदम वाढतो, त्याच्या अलीकडची जोडणी खराब.

पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजता येते: बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून मोटरच्या पॉझिटिव्ह वायरीपर्यंत, मोटर चालू असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ही मोजणी कपलर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने पिन सरकवून करायची. कपलर काढून मोजलं तर प्रवाहच नसतो आणि सगळं छान दिसतं.

दुरुस्ती सोपी आहे पण नीट करा. बोल्ट काढा, थिंबल आणि त्याखालचा पत्रा दोन्ही चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. रंगावर बोल्ट आवळला तर अर्थ मिळत नाही. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. इंजिन आणि बॉडी जोडणारी वेणीची पट्टी हिरवी पडली असेल तर बदलाच.

## टप्पा ८: नंतर जोडलेल्या वायरी

स्टिरिओ, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉकिंग, रिव्हर्स कॅमेरा. जुन्या गाडीत हे सगळं कोणा ना कोणाकडून बसवून घेतलेलं असतं आणि त्यातल्या एखाद्याने वीज ब्लोअरच्या वायरीतूनच चोरलेली असते. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून चिकट, काळ्या टेपच्या गाठी शोधा. प्रत्येक गाठ सोडून बघा. नुसता पीळ मारलेला जोड दिसला तर तो कापा, थिंबल किंवा डाग देऊन पुन्हा जोडा, स्लीव्ह चढवा. जास्तीच्या उपकरणांना बॅटरीकडून वेगळी, फ्यूज असलेली वायर द्या.

वायर बदलायची झाली तर मूळ वायरीइतकीच किंवा तिच्याहून जाड, अनेक तारांची, गाडीसाठीची वायर घ्या. घरातल्या फिटिंगची एकेरी जाड तारेची वायर गाडीच्या हादऱ्यांनी आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही.

## पुन्हा बसवताना

बसवण्याआधी काचेखालच्या जाळीतली पानं उपसा आणि तिथलं पाणी जाण्याचं भोक मोकळं आहे का ते मगभर पाणी ओतून पाहा. पाणी चाकाजवळ खाली पडायला हवं. ते आत साचलं, तर पहिल्या पावसात नव्या मोटरवर पडेल.

सगळं जोडल्यावर ब्लोअर शेवटच्या स्पीडवर दहा मिनिटं चालू ठेवा. मग बंद करून फ्यूज, बटणामागचा कपलर आणि मोटरचा कपलर बोटांनी चाचपा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्याच जोडणीची पिन सैल आहे. ती पक्कडीने किंचित आवळा, जळली असेल तर बदला आणि पुन्हा दहा मिनिटं चालवून बघा.